मातीशिवाय घरात घेवडा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण नुसत्या खताच्या पाण्यावर लेट्यूस कसं वाढवायचं ते बघितलं, झाकणाचा डबा, झाकणाला भोक, भोकात नेटपॉट म्हणजे जाळीची छोटी कुंडी, बस एवढंच. त्यानंतर घेवड्याबद्दल, म्हणजे आपली फरसबी, इतके प्रश्न आले की यावेळचं सदर सगळं घेवड्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न: लेट्यूस मस्त आलं. त्याच डब्यात, पंप न लावता घेवडा होईल का?

होईल, पण लेट्यूससारखं लावून विसरून जाता येणार नाही. बिनपंपाची ही पद्धत हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी मांडली आणि तिची सगळी गंमत पाण्याच्या वर जी रिकामी जागा होत जाते तिच्यात आहे. झाड पाणी पितं, पातळी खाली जाते, वरची मुळं उघडी पडून हवा घ्यायला लागतात आणि खालची पाणी घेत राहतात. मूळसुद्धा श्वास घेतं, हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मं हायड्रोपोनिक्स, म्हणजे हे बिनमातीचं बागकाम, समजलंच म्हणून समजा.

लेट्यूस महिना-दीड महिन्यात कापून मोकळं होता येतं, एकदा भरलेलं पाणी तेवढ्याला पुरतं. घेवड्याच्या झुडुपी जातीला पहिली शेंग तोडायलाच साधारण ५० ते ६० दिवस लागतात, पानं मोठाली असतात आणि फुलं लागली की झाड इतकं पाणी ओढतं की डबा बघता बघता तळाला जातो. मग आपण घाबरून डबा काठोकाठ भरतो आणि दोन दिवसांत झाड मान टाकतं, मग वाटतं अजून पाणी हवंय की काय. खरं तर हवेत राहायची सवय झालेली मुळं पाण्याखाली गेली म्हणून ती गुदमरतायत. पाणी कमी झालं की फार तर निम्म्या उंचीपर्यंत भरा, वरची मुळं कोरडी हवेतच राहू देत.

डबा एका झाडाला किमान १० लिटरचा घ्या, २० लिटरच्या बादलीत दोन झाडं बसतात. डबा पारदर्शक नको, उजेड आत गेला की शेवाळ धरलंच. आणि बी घेताना पाकिटावर झुडुपी जात आहे का ते आवर्जून बघा, ती गुडघ्याएवढी होऊन थांबते, वेलीची जात दोन मीटरच्या वर जाते आणि घरात तिला आधार देता देता दमायला होतं.

माझं मत विचाराल तर घेवड्याला माशांच्या टाकीला लावतात तसला छोटा एअर पंप आणि एअर स्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, लावाच. मग पाणी नेटपॉटच्या दोन-तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरलेलं ठेवता येतं, रोज झाकण उघडून बघायची कटकट राहत नाही, आणि फरक मुळांकडे बघूनच कळतो.

प्रश्न: बी दोन दिवस पाण्यात भिजत घातलं, आता मऊ पडलंय आणि वास येतोय. बी खराब होतं का?

बी बहुतेक चांगलंच असणार, ते बुडून गेलं. कोरडं बी पाण्यात टाकलं की पाणी एकदम आत घुसतं, आतल्या पेशी फाटतात, वर हवा मिळत नाही, मग ते कुजायला लागतं. घेवडा याबाबतीत फारच नाजूक आहे. ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून, पेपर दमट राहील एवढंच पाणी ठेवून, सैल झाकणाच्या डबीत ठेवा. २२ ते २७ अंश तापमान असलं तर दोन-चार दिवसांत मूळ बाहेर येतं. मग स्पंज किंवा कोकोपीटमध्ये दोन-तीन सेंटिमीटर खोल, मूळ खाली करून ठेवा.

पुढे जे दिसतं ते बघण्यासारखं असतं, देठ वाकून कमान होते आणि बीचे दोन्ही अर्धे भाग स्वतःच वर उचलले जातात. टरफल अडकलेलं दिसलं तरी ओढू नका, त्यात कोंबाचा शेंडा तुटतो. नंतर ते दोन अर्धे सुकून सुरकुततात आणि गळतात, त्याचंही टेन्शन घेऊ नका, तो रोपाचा सुरुवातीचा शिधा होता आणि तो संपला. खरी पानं उघडेपर्यंत साधं पाणी पुरे, मग निम्म्या ताकदीचं खत सुरू करा.

याच वाचकांनी विचारलंय की स्वयंपाकघरातला राजमा लावला तर? राजमा आणि फरसबी एकाच प्रजातीची झाडं, फार जुना नसेल तर उगवेल, फक्त ते झुडूप निघेल की वेल ते आधी सांगता येत नाही. पण एक गोष्ट गंभीरपणे लक्षात ठेवा, राजम्याचे कोंब किंवा कच्चे दाणे तोंडात टाकू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते चांगलं खळखळून उकळल्यावरच जातं, थोड्याच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. घरात लहान मुलं हा प्रयोग करत असतील तर हे त्यांना आधी सांगा.

प्रश्न: घरात १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खत पडून आहे, तेच पाण्यात टाकलं तर?

नको. मातीत ते चालतं कारण बाकीचं माती बघते. त्या खतात कॅल्शियम नाही, आणि त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, त्याचं नायट्रेट, म्हणजे झाडाला सहज घेता येणारं रूप, करायला जिवाणू लागतात आणि ते मातीत जसे असतात तसे तुमच्या स्वच्छ बादलीत नसतात. पहिले दोन आठवडे झाड हिरवं दिसेल, मग कोवळी पानं वेडीवाकडी यायला लागतील आणि कारण काही सापडणार नाही.

हायड्रोपोनिक्सचं म्हणून जे ए आणि बी अशा दोन बाटल्यांचं खत मिळतं ते घ्या. दोन बाटल्या का, तर एकीत कॅल्शियम असतं आणि दुसरीत फॉस्फेट-सल्फेट, घट्ट स्वरूपात ते एकमेकांना भेटले की पांढरा गाळ होऊन तळाशी बसतात आणि झाडाला दोन्ही मिळत नाही. म्हणून आधी बादलीत पाणी, त्यात ए बाटलीतलं, ढवळा, मग बी बाटलीतलं.

घेवड्याला क्षार सोसत नाहीत. खतांच्या तक्त्यात मोठे आकडे दिसतील, पण घरात ईसी (पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंमीमध्ये) १ पासून सुरुवात करून फुलांच्या वेळी १.८ ते २ पर्यंत नेणं मला सुरक्षित वाटतं. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. दोन्ही मीटर नसतील तर आधी पीएचची सोय करा, कारण पीएच चढला की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही. आणि दर दोन आठवड्यांनी पाणी पूर्ण बदला, नुसतं वरून भरत राहू नका, झाड काही अन्नद्रव्यं जास्त घेतं, काही कमी, मग उरलेल्याचा हिशोब बिघडत जातो.

प्रश्न: घेवडा हवेतला नायट्रोजन स्वतः घेतो असं शाळेत शिकलो, मग खत कशाला? आणि मुळांवर गाठी का दिसत नाहीत?

झाड एकटं घेत नाही, मुळांच्या गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू घेतात. हेलरीगल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात हे दाखवून दिलं. तुमच्या बादलीत ते जिवाणू नाहीत, आणि बाहेरून आणून टाकले तरी पाण्यात नायट्रेट तयार मिळत असल्यावर झाड गाठी करायच्या फंदात फारसं पडत नाही. त्यातून घेवडा या कामात बाकीच्या कडधान्यांपेक्षा तसा कमीच पडतो. खत लागणारच.

प्रश्न: दिवसभर झाड छान असतं, रात्री सगळी पानं खाली लोंबतात. मरतंय का?

झोपतंय. घेवड्याच्या पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी इकडचं तिकडे झालं की पान वर-खाली होतं. अंधारात ठेवलं तरी काही दिवस हे चालूच राहतं, म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच आहे, आणि एर्विन ब्युनिंग यांनी १९३० च्या दशकात सजीवांच्या या आतल्या घड्याळाचा अभ्यास केला तो घेवड्याच्याच पानांवर. दिवसासुद्धा पानं लोंबली तर मात्र मुळं बघा.

प्रश्न: खिडकीत ठेवलंय, उजेड भरपूर आहे, तरी झाड लांबुडकं झालं, फुलं चार आली तीही गळली. ब्रशने परागीभवन करायला हवं होतं का?

ब्रशची काही गरज नाही. घेवड्याचं फूल उघडायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकतं, मधमाशी नसली तरी शेंग धरते. लाल फुलांचा मोठा रनर बीन असतो त्याचं वेगळं, त्याला मधमाशी लागते, म्हणून तो घरात लावू नका.

तुमचा प्रश्न उजेडाचाच आहे. आपले डोळे यात फार फसवतात, अंधुक जागा पण त्यांना बरी दिसते. बाहेरच्या कडक उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो आणि दिवा लावलेल्या खोलीत ३०० ते ५००. खिडकीच्या काचेपासून हातभर आत आलात तरी उजेड किती पडतो ते मोबाइलवरच्या लक्स मोजायच्या अॅपने एकदा बघाच, अंदाजे असलं तरी धक्का बसेल. पानांवर निदान १५ ते २० हजार लक्स, रोज १२ ते १४ तास, एवढं दिलं तर घरातला घेवडा शेंगांनी भरतो. पांढरा एलईडी ग्रो लाइट पानांच्या वर २० ते ३० सेंटिमीटरवर टांगा, झाड वाढेल तसा वर घ्या, टायमर लावून टाका. खतावर खर्च करण्याआधी दिव्यावर करा, हे मी कितीही वेळा सांगेन.

फुलगळीचं दुसरं कारण उष्णता. ३२ अंशांच्या वर फुलं गळायला लागतात, रात्रीही खोली तापलेली राहिली तर जास्तच. आणि तिसरं म्हणजे जास्त नायट्रोजन, मग नुसता पाला माजतो.

प्रश्न: मुळं तपकिरी, बुळबुळीत झालीयेत.

निरोगी मुळं पांढरी किंवा मळकट पांढरी असतात आणि वास येत नाही. ही मूळकुज आहे, बहुतेक पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे. ती येते पाणी तापल्यामुळे, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशांना ७.५ च्या आसपास, आणि नेमकं गरम पाण्यात मुळांना श्वास जास्त लागतो. पाणी फेकून द्या, मुळं साध्या पाण्यात हलवून धुवा, सडलेली कापा, डबा घासून घ्या, नवीन पाणी निम्म्या खताचं करा आणि पंप चालू ठेवा. डबा दिव्याच्या किंवा उन्हाच्या झोतात असेल तर हलवा किंवा बाहेरून पांढरा कागद गुंडाळा. देठाचं बूडच मऊ पडलं असेल तर ते झाड सोडून द्या, नवीन बी लावणं जास्त लवकर होतं.

प्रश्न: पानं पिवळी पडतायत, काय घालू?

आधी कुठली पानं ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, पीएच खाली आणा. खालची जुनी पानं सगळीच फिकट पडत असतील तर नायट्रोजन कमी, जुन्याच पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि मागे जाळी दिसली तर खताचा संबंध नाही, लाल कोळी आहे, घरातल्या कोरड्या हवेत तो येतोच, पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने रोज धुवा, निदान आठवडाभर.

प्रश्न: शेंगा कधी तोडायच्या?

आतला दाणा बाहेरून फुगलेला दिसायच्या आत, शेंग वाकवल्यावर कट्‌कन मोडते तेव्हा. दोन-तीन दिवसांआड तोडत राहा, एखादी जरी शेंग जून होऊ दिली तरी झाडाला वाटतं बी झालं, आता फुलं कशाला. आणि तोडताना ओढू नका, नेटपॉटमध्ये मुळांना मातीसारखी पकड नसते, अख्खं झाड हातात येतं, एका हाताने देठ धरून कात्रीने कापा.