मला शेंगदाणे आणि कोलंबीची ॲलर्जी आहे. हॅमस्टरला संतुलित आहार कसा देऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लहानपणापासून शेंगदाणे चालत नाहीत, कोलंबी खाल्ली की ओठ सुजतात, घरात नुकताच सीरियन हॅमस्टर आणलाय, आणि दुकानदाराने बरोबर दिलेल्या खाद्यात सालासकट शेंगा निघाल्या. शेंगा बंद केल्या तर त्याचं पोषण कमी पडेल का, आणि त्याऐवजी काय द्यायचं, हे तुम्हाला हवंय.

शेंगदाण्यावाचून हॅमस्टरचं काहीही अडत नाही. ते आजच बंद करा. कोलंबीची ॲलर्जी मात्र तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त आडवी येऊ शकते, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. माझ्या नवऱ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि आमच्याकडे एकामागून एक हॅमस्टर होत आलेत, त्यामुळे बरंचसं रोजच्या व्यवहारातलं सांगते. तुमची ॲलर्जी किती तीव्र आहे आणि त्रास झाल्यास काय घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिथे माझं मत उपयोगाचं नाही.

दुकानातल्या मिश्रणात शेंगा, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे रंगीत दाणे असतात, कारण हॅमस्टर त्यावर तुटून पडतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं, काय आवडीने खातोय! शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबी असते. हॅमस्टरच्या एकूण खाण्यात चरबी 4 ते 7 टक्के, प्रथिनं 16 ते 20 टक्के आणि तंतू साधारण 8 ते 15 टक्के असावेत. म्हणजे शेंग हा त्याच्यासाठी खाऊ आहे, जेवण नव्हे. शिवाय मिश्रण भरून ठेवलं की तो आधी चरबीवाल्या बिया वेचतो आणि जीवनसत्त्वं-खनिजं घातलेल्या गोळ्या तशाच टाकतो. पाकिटावरचे आकडे कितीही बरोबर असोत, त्याच्या पोटात जातं ते वेगळंच.

आता कुणी म्हणेल, मी शेंगा निवडून बाजूला काढते आणि बाकीचं देते. हा मार्ग तुमच्यासाठी नाही. एक तर शेंगेच्या सालाची आणि दाण्याची भुकटी पिशवीतल्या प्रत्येक दाण्याला लागलेली असते. दुसरं म्हणजे हॅमस्टर भांड्यापाशी बसून जेवणारा प्राणी नाही. गालाच्या पिशव्या भरायच्या, त्या खांद्यापर्यंत फुगतात, आणि सगळा ऐवज भुशाखाली कुठेतरी कोपऱ्यात नेऊन पुरायचा. तुम्हाला त्रास होण्याची शक्यता भांड्यात खाणं टाकताना कमी आणि पिंजरा साफ करताना जास्त, कारण तेव्हा दोन्ही हात त्या साठ्यात असतात आणि वाळका भुसा उडत असतो. तुमच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट नसेलच. मग ते पिंजऱ्याच्या वाटेने घरात कशाला येऊ द्यायचं?

हाताबद्दल एक उपयोगी माहिती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की शेंगदाण्याचं प्रथिन साबणाने किंवा ओल्या वाइप्सने हातावरून निघून जातं, नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने ते पूर्ण जात नाही. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन तिथेच राहतं. पिंजऱ्याशेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवून निर्धास्त होऊ नका.

आता नवं खाद्य विकत घेताना. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा कायद्यात (2006 चा) अन्न म्हणजे माणसाचं अन्न, पशुखाद्य त्यातून वगळलेलं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर 'शेंगदाणे आहेत' असं वेगळं छापावं लागतं, तसं हॅमस्टरच्या पाकिटावर छापायचं बंधन नाही. त्यामुळे घटकांची यादी स्वतः वाचायची आणि शंका आली तर कंपनीला लेखी विचारायचं. भारतात बनलेल्या गोळ्यांमध्ये मी सगळ्यात आधी 'ऑइल केक', 'डी-ऑइल्ड केक' किंवा 'ग्राउंडनट एक्स्ट्रॅक्शन' हे शब्द शोधते. ही पेंड. सरकी, सोयाबीन, शेंगदाणा, कशाचीही असू शकते, आणि शेंगपेंड आपल्याकडे जनावरांच्या खाद्यात सर्रास वापरतात. तेल काढून घेतलं की पेंडीत प्रथिन एकवटतं आणि ॲलर्जी होते ती प्रथिनाचीच, म्हणून 'तेल काढलेलं आहे' या शब्दांनी समाधान मानू नका. सुट्टं, पिशवीत भरून मिळणारं खाद्य तर घेऊच नका. दुकानदार एकाच पळीने पाच पोत्यांतून काढतो.

परदेशी पाकिटांवर वेगळी गंमत असते. युरोपात पशुखाद्यावर घटकांचे गट लिहायची मुभा आहे, त्यामुळे यादीत 'नट्स', 'व्हेजिटेबल प्रोटीन एक्स्ट्रॅक्ट्स', 'मोलस्क्स अँड क्रस्टेशियन्स' असं मोघम दिसतं. हा शेवटचा गट, म्हणजे शिंपले आणि कोलंबी-खेकडे, तुमच्या कामाचा. हॅमस्टर सर्वभक्षी आहे, दाण्यांबरोबर किडेही खातो, म्हणून चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या मिश्रणांत वाळवलेले गॅमरस किंवा छोटे श्रिम्प घालतात. गॅमरस म्हणजे कोलंबीच्याच वर्गातला एक बारीक प्राणी, कासवांचं खाद्य म्हणून डब्यात मिळतो तोच. तुमच्यासाठी हे घरात जवळा आणून वाळत घातल्यासारखंच.

आणि मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या. हॅमस्टरच्या प्रथिनांबद्दल कुठेही विचारा, पहिलं उत्तर मीलवर्म येतं. खरंच उत्तम आहार आहे, फक्त तुमच्या घरासाठी नाही. कोलंबी, खेकड्यात ॲलर्जीला बहुतेक वेळा कारण ठरणारं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन किड्यांमध्येही जवळजवळ तसंच असतं, घरातल्या धुळीतल्या माइट्समध्येही (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2021 मध्ये वाळवलेला पिवळा मीलवर्म माणसांच्या खाण्यासाठी तपासला तेव्हाही क्रस्टेशियन आणि धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, हा इशारा दिला होता. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे भाजलेला किंवा वाळवलेला मीलवर्मही चालणार नाही. उलट वाळका जास्त वाईट, चिमटीत धरला की भुकटी होते. धुळीने शिंका येणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं.

मग द्यायचं काय? पाया गोळ्यांचाच ठेवा. एकसारख्या, दाबून केलेल्या, हॅमस्टर किंवा उंदरांसाठीच्या पेलेट्स, ज्यांत वरचे शब्द नाहीत. सशाच्या गोळ्या 'हॅमस्टरलाही चालतात' म्हणून विकतात, त्या नकोत. त्यात तंतू जास्त आणि प्रथिनं कमी पडतात. सगळा आहार घरी बनवण्याच्या फंदात मी पडत नाही. धान्य-भाजीने कॅल्शियम, ड आणि ब12 यांचं गणित जुळत नाही.

पेलेट्सबरोबर थोडं धान्य. इथे आपण नशीबवान आहोत, कारण पक्ष्यांच्या दुकानात महागड्या पाकिटात मिळणारे दाणे आपल्या वाण्याकडे असतात. राळा (पक्ष्यांच्या दुकानात त्याला कांग म्हणतात), बाजरी, ज्वारी, वरई, नाचणी, साधे ओट्स. राळ्याची अख्खी कणसं मिळाली तर पिंजऱ्यात टांगा, तासभर करमणूक होते. बियांमध्ये जवस चिमूटभर आणि एखाद-दुसरी भोपळ्याची किंवा सूर्यफुलाची बी, तीही तुम्हाला चालत असेल तरच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तीळ किंवा काजू-अक्रोडही सोसत नाहीत. नियम सोपा ठेवा: जे तुम्ही स्वतः निर्धास्त खाता तेवढंच पिंजऱ्यात जाईल.

प्रथिनांसाठी मीलवर्मच्या जागी उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. किंवा बिनमिठाचं पनीर, किंवा घरात शिजत असेल तर मीठ-मसाला न घातलेल्या चिकनचा धागा. मोड आलेले मूगही आवडीने खातो. शेंगदाणा कडधान्यांच्याच कुळातला, म्हणून काहींना भीती वाटते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले बहुतेक लोक मूग-मटकी खाऊ शकतात, तरी मेथीचा मात्र विचार करा. मेथीतल्या प्रथिनांची शेंगदाण्याशी जवळीक आढळली आहे. तुम्ही स्वतः मेथीची भाजी खात असाल तर त्यालाही पान द्या, नाहीतर कोथिंबीर आहेच. कच्चा राजमा आणि पावटा कुणालाच नको.

भाजी रोज नखाएवढी: काकडी, दुधी, ढोबळी मिरची, ब्रोकोली, मुळ्याचा पाला. फळ अगदी क्वचित. कांदा, लसूण, संत्रं-लिंबू, चॉकलेट, टोमॅटोचा पाला, हिरवा किंवा मोड आलेला बटाटा, सफरचंदाच्या बिया बंद. तुमचा सीरियन आहे, पण कुणाकडे छोटे ड्वार्फ असतील तर त्यांना गोड फळं आणि गाजरही हात राखून द्या, त्यांच्यातल्या काही जातींना मधुमेह पटकन होतो. क जीवनसत्त्वाचे थेंब दुकानदार गळ्यात मारायला बघेल. गिनिपिगला ते बाहेरून लागतं, हॅमस्टर स्वतःच्या शरीरात तयार करतो.

प्रमाण: प्रौढ सीरियनला दिवसाला 10 ते 12 ग्रॅम कोरडं खाद्य, म्हणजे एक मोठा चमचा, त्यातला दोन तृतीयांश भाग पेलेट्सचा. भांडं रिकामं दिसलं म्हणजे तो उपाशी आहे असं नसतं, साठा बघा. संध्याकाळी तो उठल्यावर द्यायचं.

तुम्ही विचारलं नाही, पण हे उत्तर गव्हाची ॲलर्जी असलेलं कुणी वाचत असेल तर: गहू काढून त्याजागी नुसता मका भरू नका. फ्रान्सच्या अल्सास भागात रानटी युरोपीय हॅमस्टरवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की मक्यावर ठेवलेल्या माद्या स्वतःची पिल्लं खात होत्या, आणि आहारात ब3 जीवनसत्त्व, म्हणजे नायासिन, वाढवल्यावर ते थांबलं. मक्यातलं नायासिन शरीराला सहज मिळत नाही, म्हणून निव्वळ मक्यावर जगणाऱ्या माणसांना पेलाग्रा होत असे. आपली बाजरी-ज्वारी आलटून-पालटून दिली की एका धान्यावर भार पडत नाही.

आता बदल करायचा कसा. एरवी जुनं-नवं खाद्य आठ-दहा दिवस मिसळत नेतात, कारण एकदम बदलल्याने हॅमस्टरचं, विशेषतः लहान वयातल्याचं, पोट बिघडतं आणि जुलाब त्याच्या जिवावर बेततात. तुम्हाला जुनं खाद्य मिसळता येणार नाही. म्हणून असं करा: जुन्या मिश्रणात जी धान्यं होती, ओट्स, बाजरी वगैरे, तीच नवी, स्वच्छ आणून पहिले दोन-तीन दिवस द्या, आणि रोज थोड्या-थोड्या पेलेट्स वाढवत न्या. नवी भाजी त्या आठवड्यात नको. शेपटीजवळ ओलं दिसलं किंवा तो गप्प बसला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

पहिल्या दिवशी संपूर्ण पिंजरा रिकामा करून घ्यायचा, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा. भुसा न झटकता, थोडं पाणी शिंपडून, पिशवीत भरून थेट बाहेर. पिंजरा, चाक, घरटं साबणाने धुवायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. एरवी त्याचा वास टिकावा म्हणून थोडा जुना भुसा परत ठेवतात, यावेळी त्याऐवजी घरट्यातला स्वच्छ कागद ठेवला तर पुरे, त्यात शेंगेचं साल नाही याची खात्री करून. पुढेही साफसफाई तुम्हीच करणार असाल तर मास्क आणि हातमोजे ठेवा. पाहुण्यांची मुलं आली की पिंजऱ्यावर लक्ष हवं. चिक्कीचा तुकडा जाळीतून आत सरकवायला अर्धा क्षण लागतो आणि त्यांना त्यात प्रेमच दिसतं.

एवढं सगळं केल्यावरही डोळे खाजत राहिले, शिंका थांबल्या नाहीत, तर खाद्याचा पिच्छा सोडा. बिछान्याला टिमोथी गवत वापरत असाल तर ते बदलून कागद घालून बघा, कारण त्या गवताच्या परागांची ॲलर्जी पुष्कळांना असते. तरीही त्रास राहिला तर कारण हॅमस्टर स्वतः असू शकतो, त्याच्या लाळेतल्या, लघवीतल्या आणि केसांवरच्या प्रथिनांचीही ॲलर्जी होते. जपानमध्ये ड्वार्फ हॅमस्टर चावल्यावर माणसं ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीत, गेल्याच्या नोंदी आहेत. चावल्यानंतर अंगावर पित्त उठलं, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा श्वास लागला, तर पाकिटावरची यादी वाचत बसू नका, तडक दवाखान्यात जा आणि तिथे 'हॅमस्टर चावला' हे आधी सांगा. तुमच्या कागदावर शेंगदाण्याची ॲलर्जी लिहिलेली आहे, त्यामुळे सगळे तुम्ही काय खाल्लंत तेच विचारत राहतील.