विमानतळावर एटीएम वापरताना

पहिल्यांदाच विमानाने परदेशी चालला आहेस, म्हणून सांगतो. आधी तिकिटावर मुंबई विमानतळाचं टर्मिनल बघ, सहारचं दोन की पार्ल्याचं एक. परतताना आगमनाच्या दारातून बाहेर पडलास की पुन्हा आत सोडत नाहीत. म्हणून एटीएम कुठे आहे ते आतच कर्मचाऱ्याला विचार. चलन बदलून देणाऱ्या काउंटरवर घाईत जाऊ नकोस, तिथला दर बहुतेकदा महाग पडतो.

मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला फक्त 3 व्यवहार मोफत, स्वतःच्या बँकेच्या 5. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहार धरला जातो! पुढे प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत शुल्क आणि वर कर. म्हणून एकदाच काय ते काढ, आणि रिक्षासाठी थोडे सुटे ठेव.

एकदा माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा आल्याच नाहीत. जीव नुसता टांगणीला! पण स्लिप जपून ठेवली होती, लगेच तक्रार केली आणि पैसे परत आले. नियम असा की बँकेने 5 दिवसांत पैसे परत जमा करायचे. उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशातला वापर सुरू कर, नवीन कार्डावर तो बंदच असतो. आणि तिकडचं मशीन ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारेल तेव्हा नाही म्हण, तिथलंच चलन निवड.