धुणं पोचवणाऱ्या पोरीची बँक

वाचकांचे प्रश्न, निवृत्त बँकवाल्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, गटांच्या मेळाव्याला आलेल्या पाहुण्या बाईंनी सांगितलं, की अमेरिकेत एका धुणं धुणाऱ्या बाईच्या लेकीनं शंभर वर्षांमागं बँक काढली होती. खरं का हे? तिला घरदार, लेकरंबाळं होती का? मी बचत गटाची सचिव आहे. सासूबाई म्हणतात, वह्या घेऊन गावभर फिरणाऱ्या बाईचा संसार वाऱ्यावर. दुसरं असं, की गटाचे ६५ हजार खात्यात पडून आहेत. दोघींनी हप्ते थकवले तेव्हापासून बायका म्हणतात, कर्जवाटपच नको, पैसा बँकेतच बरा.
(गटाची सचिव, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : अगदी खरं. बाईचं नाव मॅगी लीना वॉकर. जन्म १८६४, रिचमंड शहर, व्हर्जिनिया राज्य. आई आधी गुलाम होती. मॅगी लहान असतानाच सावत्र बाप नदीत मेलेला सापडला आणि आईनं गोऱ्यांच्या घरचं धुणं धरलं. कपडे आणायचे, पोचवायचे काम पोरीकडं. पुढं मोठेपणी ती म्हणायची, चांदीचा चमचा तोंडात घेऊन मी जन्मले नाही, कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊनच आले.

सेंट ल्यूक नावाची काळ्या लोकांची एक संघटना होती. सगळ्यांनी वर्गणी टाकायची. कुणी आजारी पडलं तर मदत, कुणी गेलं तर मातीचा खर्च. मॅगी चौदाव्या वर्षी तिच्यात गेली आणि १८९९ मध्ये सचिव झाली. हो, सचिवच! चार्ज घेतला तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणं त्याच्या कितीतरी पट. अशी वही हातात आल्यावर पुष्कळ जणींनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता. हिनं १९०१ च्या अधिवेशनात उभं राहून सांगितलं, आपली स्वतःची बँक पाहिजे. आपले पैसे एकत्र करू, आपणच वापरू, आपल्याआपल्यात व्याजानं लावू आणि त्याचा फायदाही आपणच घेऊ.

रिचमंडमधल्या एका चालत्या बँकेत बसून तिनं आधी कामकाज समजून घेतलं, आणि २ नोव्हेंबर १९०३ ला सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. अमेरिकेत बँक काढून तिची अध्यक्ष झालेली पहिली बाई म्हणून तिचंच नाव घेतात. पहिल्या दिवशी २८० च्या आसपास लोक आले, आठ हजारांवर डॉलर जमा झाले. त्यात एकानं खातं उघडलं ते ३१ सेंटवर.

मी ग्रामीण बँकेच्या काउंटरला बसलेली बाई, त्यामुळं माझा जीव त्या ३१ सेंटवरच अडकतो. लेजरचं पान त्यालाही तेवढंच लागतं, सह्या तेवढ्याच, संध्याकाळी टॅली करताना डोकेदुखीही तेवढीच. पदराच्या गाठीतून घामानं भिजलेल्या दहा-दहाच्या नोटा काढून, “एवढेच हायेत, चालतील का ओ?” असं विचारणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यांना “चालतील” म्हणायला बँकेला काहीतरी पोटातून वाटावं लागतं. त्या काळी आपल्याकडं काय होतं? मराठवाडा निजामाचा. हैदराबाद स्टेट बँक आली ती १९४१ मध्ये. खेड्यातल्या माणसाला सावकार, आणि बियाण्याच्या धान्यावर सवाई-दिडी, म्हणजे मणाला सव्वा-दीड मण परत.

मॅगीनं पैसा नुसता साठवला नाही. गोऱ्यांच्या बँका काळ्यांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा हिच्या बँकेनं शेकडो घरांसाठी कर्जं दिली. सगळंच काही जमलं असं नाही. १९०५ मध्ये संघटनेनं मोठं दुकान काढलं. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक माल मिळू दिला नाही आणि १९११ मध्ये ते बंद पडलं. बँक मात्र टिकली. १९३० च्या मंदीत बँका धडाधड बुडत होत्या, तेव्हा दुसऱ्या बँकेशी विलीन होऊन ती तगली आणि मॅगी संचालक मंडळाची अध्यक्ष झाली.

आता सासूबाईंचा मुद्दा. मॅगीचं लग्न १८८६ मध्ये, नवरा बांधकामाच्या धंद्यातला. लग्न झालं म्हणून शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला तिथं शिकवू देत नसत. दोन मुलं वाढवली, एक तान्हेपणीच गेलं. १९०४ मध्ये घर घेतलं. मुलांची लग्नं झाली, सुना-नातवंडं आली, तशा खोल्या वाढवत गेली, शेवटी अठ्ठावीस. म्हातारी आईही जवळच. सासूबाईंना एवढं सांगाच, एकत्र कुटुंब होतं म्हणावं. १९१५ मध्ये थोरल्या मुलानं चोर समजून गोळी झाडली आणि ती बापाला लागली. मुलावर खुनाचा खटला चालला, तो निर्दोष सुटला, पण १९२३ मध्ये तोही गेला. शेवटची वर्षं मॅगीचे पाय गेले. घरात लिफ्ट बसवून, चाकाच्या खुर्चीतून तिनं कामं चालू ठेवली. १९३४ मध्ये वारली.

मेळाव्यात एक गोष्ट सांगत नाहीत, ती मी सांगते. घर बघायला तिच्याकडं पॉली नावाची मानलेली लेक होती. तुमच्याकडं पॉली नाही. तेव्हा वसुलीचा दिवस असेल त्या सांजेला भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी, हे घरात आधीच बोलून घ्या. सासूबाईंना गटात सभासद करता आलं तर उत्तम. माझ्या पाहण्यात अशा सासवा पुढं सगळ्यात कडक वसुली करतात.

राहिले ६५ हजार. बचत खात्यावर वर्षाला अगदी तीन टक्के धरले, तरी दोन हजारही होत नाहीत. आणि तुमच्याच गटातल्या किती जणी आठवड्याच्या हप्त्यावर मायक्रोफायनान्सचं कर्ज फेडतायत? बैठकीत हात वर करायला सांगा. मी पैज लावते, निम्म्या निघतील. ते व्याज वर्षाला वीस-चोवीस टक्क्यांच्या घरात, आणि ते गावाबाहेर जातं. पन्नास हजार दहा जणींना पाच-पाच हजार द्या, महिना शेकडा दोननं. व्याज तेवढंच, पण सुरुवातीला महिन्याला हजार रुपये गटाच्या पेटीत येतील आणि वर्षअखेर तुमच्यातच वाटले जातील. पंधरा हजार अडीअडचणीला ठेवा. “आपल्याआपल्यात व्याजानं लावू” म्हणजे हेच की.

थकलेल्या दोघींना वाळीत टाकू नका. का थकले ते विचारा. सोयाबीनला भाव नव्हता की दवाखाना निघाला, त्यात फरक आहे. मग नवे, लहान हप्ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, ठराव वहीत लिहा, सही-अंगठा घ्या. त्यांची गटातली बचत किती ते सगळ्यांसमोर वाचा. बाकी येईपर्यंत नवं कर्ज नाही, एवढाच दंड पुरे. आणि पैसा नुसता पडून असेल तर उद्या बँकेचं कर्जही अडेल. मॅनेजर पंचसूत्री बघतो: बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. त्यातली दोन सूत्रं तुम्ही बंद करून बसलात.

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत मराठवाडा ग्रामीण बँकेचं जुनं पासबुक सापडलं. ते वारले. बँकेचं नावही बदललंय. पैसे मिळतील का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : शिल्लक असेल तर मिळतील. २००९ च्या विलीनीकरणात मराठवाडा ग्रामीण बँकेची महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, खाती तिकडं गेली. दहा वर्षं व्यवहार नसेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारसाचा हक्क जात नाही. दावा आपल्या बँकेतूनच करायचा. पासबुकावरची शाखा शोधा, मृत्यूचा दाखला आणि तुमच्या मिस्टरांची ओळखपत्रं न्या. खात्याला वारसनोंद (नॉमिनी) लावली असेल तर काम लवकर होतं, नसेल तर बाकी भावंडांची संमती लागेल. पासबुकाची झेरॉक्स द्या, मूळ प्रत कुणाच्या हातात सोडू नका. आणि सोमवारी जाऊ नका, काउंटरला श्वास घ्यायला फुरसत नसते.