गॅरेजमधला कॉर्न स्नेक

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलाचा कॉर्न स्नेक (पाळला जाणारा एक बिनविषारी साप) हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये हलवायचा आहे. काचेच्या टाकीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) पुरेल का?

उत्तर : नाही. हीट मॅटने हवा फारशी तापत नाही आणि काचेतून ऊब झपाट्याने निघून जाते. त्याऐवजी लाकडी पेटी घेऊन ती जाड थर्माकोलवर ठेवावी आणि आत एका टोकाला थर्मोस्टॅटला (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाला) जोडलेला सिरॅमिक हीटर बसवावा, म्हणजे ते टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस, तर दुसरे २२ ते २४ अंशांच्या आसपास राहून सापाला हवी ती जागा निवडता येईल. हीटरवर जाळी हवीच. साप त्याला वेटोळे घालतो आणि भाजले तरी चटकन सरकत नाही. ऊब कमी पडल्यास गिळलेला उंदीर न पचता उलटीतून बाहेर पडतो. गॅरेजमध्ये गाडी सुरू होत असेल, तर मात्र तिच्या धुरामुळे साप घरातच बरा.