शिकलेली नायिका आणि घाटावरची भांडी

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर ‘बंगाली कथा-कादंबऱ्यांतल्या शिकलेल्या बायका’ हा विषय घेतला आहे. काय वाचावं, कोणत्या क्रमानं? कितीही शिकली तरी नायिका शेवटी घरकामालाच जुंपली जाते, हे खरं का? (नाशिक)

उत्तर : बंकिमचंद्रांपुरतं बरंचसं खरं. म्हणून ‘देवी चौधुराणी’ (१८८४) आधी घ्या. दरोडेखोरांचा म्होरक्या भवानी पाठक सासरनं टाकलेल्या नायिकेला, प्रफुल्लला, व्याकरण, रघुवंश, मग सांख्य, वेदान्त, न्याय असं पाच वर्षं शिकवतो, कुस्तीही. दरोड्यांची प्रकरणं सगळे रंगून वाचतात आणि शेवट चाळतात, तिथंच चुकतं. शेवटी ती सासरी परतते आणि तिची सवत सागर तिला घाटावर भांडी घासताना पाहून थक्क होते. प्रफुल्लला अक्षरओळख आहे हेसुद्धा घरात कुणाला ठाऊक नसतं. संसार विद्वानालाच नीट साधतो, पण विद्या दाखवायची ती जागा नव्हे, असं बंकिम सांगतात. शिकायला हरकत नाही, शिकलेलं दिसायला आहे.

ही अट मनात ठेवून रवींद्रनाथांची छोटी कथा ‘खाता’ (म्हणजे वही) वाचा. लहानग्या उमाची लिहायची वही नवरा काढून घेतो. त्याचीही लेखांनी भरलेली वही असते, पण ती हिसकावणारं कुणी नसतं! चर्चेला एवढी एक गोष्ट पुरते.

मग रुकय्या सखावत हुसेन यांची ‘पद्मराग’ (१९२४). तारिणी भवनात शाळा आहे, निराधार बायकांना काम आहे. नवरा समोर असूनही नायिका सिद्दिका संसार नाकारते. रचना विस्कळीत आहे, पात्रं फार. नावांचा तक्ता करून ठेवा.

आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुती’ (१९६४) जाडजूड आहे, तिला दोन बैठका द्या. लेकीला शिकवायचं सत्यवतीच्या मनात असताना सासू परस्पर तिचं लग्न लावते आणि सत्यवती घर सोडते. पुढचा भाग ‘सुवर्णलता’ जमलं तर.

मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र आपल्याकडे ओळखीचे, पण या विषयाला ‘शेष प्रश्न’मधली, रूढींना प्रश्न विचारणारी कमल तेवढी घ्या.

प्रश्न : ‘चारुलता’ चित्रपट पाहिला आहे. तो ज्या कथेवर आहे ती रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ वाचायलाच हवी का? (पणजी)

उत्तर : हवी. चित्रपट पुढे आलेल्या दोन हातांवर थबकतो. कथेत चारूचा नवरा भूपती म्हैसूरला निघतो, चारू ‘मलाही न्या’ म्हणते, तो कचरतो. मग ‘चल’ म्हणतो, तेव्हा ती म्हणते, ‘नको, राहू दे.’