थोड्या भांडवलावर स्क्रीन प्रिंटिंग

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

कपड्यांवरच्या स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा सुरू करण्याबद्दलचे तुझे पत्र आणि सोबतची खरेदीची यादी मिळाली. यादीतील सर्वांत महाग वस्तू, म्हणजे चार रंगांचे फिरते यंत्र, तूर्त बाजूला ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. भक्कम टेबलाला बिजागरीचे क्लॅम्प लावून एका रंगाची, आणि खुणा नीट जुळवल्या तर दोन रंगांचीही, छपाई व्यवस्थित होते. या धंद्यात पैसा यंत्राअभावी क्वचितच बुडतो. तो खराब झालेल्या कापडात, पुन्हा कराव्या लागणाऱ्या छपाईत आणि दरात न धरलेल्या तयारीच्या वेळात जातो.

खर्च करताना हात आखडू नये अशी पहिली वस्तू म्हणजे स्क्रीन, म्हणजेच फ्रेमवर ताणलेली जाळी. लाकडी फ्रेम स्वस्त पडते खरी, पण सतत भिजून ती वाकते आणि जाळीचा ताण उतरतो. सैल जाळी स्क्वीजीबरोबर, म्हणजे शाई ओढण्याच्या रबरी पट्टीबरोबर, ओढली जाते आणि दुसरा रंग जागेवर बसत नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या मोजक्याच फ्रेम घे आणि त्याच साफ करून पुन्हा पुन्हा वापर. गडद कापडावरच्या पांढऱ्या शाईसाठी सेंटिमीटरला 43 धाग्यांची आणि बारीक अक्षरांसाठी 77 धाग्यांची, अशा दोन जाळ्यांवर सुरुवातीची बहुतेक कामे निघतात. मात्र जुने इमल्शन, म्हणजे जाळीवर लावलेला प्रकाशाने पक्का होणारा थर, काढण्याचे द्रावण जाळीवर वाळू देऊ नकोस. ते वाळले की इमल्शन धाग्यांना असे चिकटते की चांगली जाळी फाडून टाकावी लागते.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे प्रकाश देऊन इमल्शन पक्के करण्यासाठी, तयार युनिट नसले तरी चालते. अतिनील एलईडी दिवा, पॉझिटिव्ह (नक्षी काळ्या रंगात असलेली पारदर्शक फिल्म) जाळीला घट्ट टेकवणारी काच आणि खाली काळा फोम एवढ्यावर काम होते; पण वेळ अंदाजाने ठरवू नये. इमल्शनचा कोट दिलेल्या एकाच स्क्रीनवर बारीक रेषांची पॉझिटिव्ह ठेव आणि काळा पुठ्ठा ठरावीक वेळाने सरकवत पट्ट्या पाड. धुताना ज्या पट्टीचे इमल्शन आतल्या बाजूने बुळबुळीत होऊन निघते तिला प्रकाश कमी पडला, आणि जिथे बारीक रेषा पाण्याने उघडतच नाहीत तिथे तो जास्त झाला. या दोहोंमधली वेळ लिहून ठेव, आणि दिवा, इमल्शन, जाळी किंवा कोटाची जाडी यांपैकी काहीही बदलले तर चाचणी नव्याने कर. इमल्शन आतून ओलसर राहिले असेल तर योग्य वेळ देऊनही ते पक्के होत नाही, त्यामुळे दमट हवेत कोट अंधारात पूर्ण वाळेपर्यंत थांबावेच लागते. घाईच्या कामात नेमके हेच विसरले जाते.

दुसरा खर्च उष्णतेवर करावा. प्लास्टिसॉल, म्हणजे कापडावर वापरायची प्लास्टिकयुक्त शाई, हवेवर वाळत नाही. नेहमीच्या शाईचा संपूर्ण थर सुमारे 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि हीट गनने वरचा पापुद्रा कोरडा दिसला तरी तळ कच्चा राहण्याची भीती असते. वापरलेला पण सर्वत्र सारखा तापणारा हीट प्रेस (कापड तापत्या पाट्याखाली दाबणारे यंत्र) मिळाला तर तो घे. प्रत्येक नव्या कामातला एक नग ताणून पाहा आणि धुवून पाहा. ताणल्यावर शाईला तडे गेले तर बहुधा ती शिजलेली नाही, आणि तसा माल ग्राहकाकडे जाऊ देऊ नये.

आता दराविषयी, कारण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. फिल्म, कोटिंग, एक्स्पोजर, जुळवणी आणि सफाई मिळून एका रंगाला दोन तास लागतात असे धर. 10 नगांच्या कामात प्रत्येक नगावर तयारीची 12 मिनिटे पडतात, 100 नगांच्या कामात जेमतेम सव्वा मिनिट. दोन्हींना एकच दर लावणारा माणूस लहान कामे पदरमोड करून करीत असतो. तेव्हा तयारीचे पैसे रंगागणिक वेगळे लाव, किमान नगसंख्या ठरव आणि ओळखीच्या माणसालाही तीच सांग. कापड आणि शाईचा खर्च निघेल इतकी आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय माल आणू नकोस. ग्राहक स्वतःचे कपडे देणार असेल तर काही नग जादा मागून घे आणि किती खराबी धरली आहे हे आधीच लेखी ठरव. नमुन्याची मंजुरीही लेखीच असावी, कारण शुद्धलेखनाची चूक छापून झाल्यावरच सगळ्यांना दिसते.

काम संपल्यावर स्क्रीन साफ केलीस तरी पॉझिटिव्ह टाकू नकोस. प्रत्येक कामाच्या पाकिटात ती फिल्म, जाळीचा क्रमांक, शाईच्या मिश्रणाचे वजनी प्रमाण, गळ्यापासून छपाईपर्यंतचे अंतर आणि छापलेला एक तुकडा ठेव, म्हणजे तेच काम पुन्हा आले तर फिल्मचा खर्च आणि रंग जुळवण्याचा वेळ दोन्ही वाचतील.

कळावे, लोभ असावा.