सोलर वॉटर हीटर घेण्याआधी

चौघांच्या घरासाठी सोलर वॉटर हीटर घेणार असाल, तर विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी आपल्या नळाला येणारे पाणी कसे आहे ते पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४.६५ युनिट वीज लागते. पुण्यासारख्या ठिकाणी ढगाळ दिवस वगळता ही बचत बहुतेक रोज पदरात पडते, आणि आपल्या वीजदराने तिला गुणले की खर्च किती वर्षांत वसूल होईल ते कळते. मात्र पाणी बोअरवेलचे आणि जड असेल, तर सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षारांचा पांढरा थर धरतो आणि पाणी कोमट येऊ लागते. अशा घरी काचेच्या नळ्यांचा संच बरा. तो सहसा स्वस्तही पडतो, पण एखादी नळी फुटेल हे धरून चालावे. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपाला उष्णता धरून ठेवणारे वेष्टण घालताना काटकसर करू नका, कारण लांब पाइपात गार झालेले पाणी रोज वाया जाते आणि हा तोटा कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही. पावसाळ्यासाठी जुना गीझर राहू द्या.